‘चोरली’ या क्रियापदाचा अर्थ : निवेदनतंत्र आणि आशयसूत्र

कथेच्या अध्यापनात ‘तंत्र’ आणि ‘आशय’ यांची स्वतंत्र टिपणे करण्याची पद्धत रूढ आहे. या विभागणीमुळे नवकथेची चर्चा प्रायः तंत्राच्या अंगाने, तर दलित कथेची आशयाच्या अंगाने होते. दलित कथा मग सामाजिक दस्तऐवज ठरते आणि तिचे कथापण दुर्लक्षित राहते. बाबूराव बागूल (१९३०-२००८) यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा ही विभागणी किती अपुरी आहे, हे स्पष्ट करते.

रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातेत आलेला दलित तरुण आपली जात सांगत नाही. सहकारी त्याला उच्चवर्णीय समजतात. सत्य कळताच त्याला मारहाण होते. एवढ्या सारांशात अन्यायाची हकिकत तेवढी उरते. कथेचा अर्थ घडतो तो निवेदनातून.

शीर्षकातच ‘चोरी’ची कबुली असल्याने पुढील संकट वाचकाला प्रारंभीच सूचित होते आणि उत्कंठेची जागा उपरोध घेतो. निवेदकाच्या काव्यशक्तीवर लुब्ध झालेला रामचरण तिवारी त्याला मान देतो, तेव्हा वाचकाला ठाऊक असलेले गुपित तिवारीला ठाऊक नसते. या अंतरामुळे सौजन्याचे शब्दही भयसूचक ठरतात. हा मान गृहीत धरलेल्या जातीला आहे, हे आशयसूत्र अशा रीतीने रचनेतूनच प्रत्ययाला येते. तृतीयपुरुषी निवेदनात वाचक करुणेने पाहणारा साक्षीदार राहिला असता. येथे तो गुपिताचा भागीदार होतो.

‘चोरली’ हे क्रियापदही अर्थपूर्ण आहे. निवेदकाने कोणाचेही काही घेतलेले नाही. त्याने केवळ जात उघड केलेली नाही. या मौनाला चोरी ठरविणारी भाषा जातिव्यवस्थेची आहे. निवेदक तीच भाषा स्वतःच्या तोंडी घेऊन आरोप व्यवस्थेवर उलटवितो.

संतप्त, आक्रमक काशीनाथ हे पात्र या मौनाला छेद देते. अखेरीस तोच निवेदकाला सोडवितो. निवेदक मात्र मारणाऱ्यांऐवजी मनूला जबाबदार धरतो. हा शेवट सुटा वाचल्यास प्रचारकी विधान वाटेल. परंतु माणसांचे सौजन्य जातीवर अवलंबून असल्याचे कथेने आधीच दाखविलेले असते; त्यांच्या क्रौर्याचे मूळही तेथेच आहे, हा निष्कर्ष त्यामुळे कथेतूनच उगवतो. या कथेतील विद्रोह समजून घ्यावयाचा, तर तो कोण सांगतो आणि कोणत्या शब्दांत सांगतो, हे तपासणे अपरिहार्य ठरते.