आधी अकोला, मग लंडन

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यातून कोणी लांबच्या प्रवासाला निघालं, अगदी लंडनला निघालं, तरी माणसं आधी विचारतात, "अकोल्याले कायनं जाता?" प्रश्न अगदी बरोबर आहे. गेल्या दीडशे वर्षांत मुंबई ते लंडन हे अंतर आठवड्यांवरून तासांवर आलं. जऊळका ते मुंबई हे अंतर मात्र फार सावकाश कमी झालं. या वाटेचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात गावच्या स्टेशनापासूनच करावी लागते.

इंग्लंडची वाट वऱ्हाडात माणसांच्या आधी कापसाने पाहिली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर आमच्या काळ्या मातीवर खिळली. भुसावळहून अकोल्यावरून नागपूरला जाणारा लोहमार्ग 1867 मध्ये पुरा झाला. पुढे कारंज्यावरून धावणारी शकुंतला ही आगगाडी तर इंग्रज कंपनीच्याच मालकीची. गाठी मुंबईच्या गोदीत पोचवायच्या, हा त्या सगळ्या आखणीचा हेतू होता. त्या डब्यांत माणसंही बसत, पण त्यांची सोय पाहून मार्ग आखलेला नव्हता, आणि हे आमच्या मुलखाने पुढे बराच काळ भोगलं.

तरीही इथली माणसं गेली. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख 1920 च्या सुमारास इंग्लंडला पोचले, एडिनबर्ग आणि ऑक्सफर्डला शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या 'इन्स' या चार वकिली संस्थांपैकी एकीत नाव घालून दर सत्राला ठरलेली जेवणं तिथे जाऊन घ्यावी लागत. म्हणजे शिक्षण कुठेही चालू असो, लंडनची फेरी चुकत नसे. त्याच सुमारास डॉ. आंबेडकर लंडनमध्ये होते. किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात ते राहिले, तिथून ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय चारएक किलोमीटरवर आहे. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. आज चॉक फार्म स्टेशनवर उतरून थोडं चाललं की तिथे पोचता येतं, आणि वाशीम-अकोल्याकडची मुलं लंडनला गेल्यावर पहिल्या सुट्टीत तिथे जातात. मला तर लंडन पाहण्याची सुरुवात तिथूनच व्हावी असं वाटतं.

तेव्हाचा प्रवास बोटीचा. मुंबईहून एडन, सुवेझ, पोर्ट सैद, मार्सेय. घाई असेल तर मार्सेयला उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडायचा. दोनतीन आठवडे सहज जात. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं आणि ते आठवडे संपले. पण त्या विमानापर्यंत पोचणार कोण? साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी जाणाऱ्याला सोबत नेता येणारं परकीय चलन इतकं थोडं होतं, की आठ डॉलर घेऊन गेलेल्यांच्या आठवणी आजही घराघरांत निघतात. तिकडे उतरवून घ्यायला कोणी ओळखीचं असल्याशिवाय निघण्याचा विचारसुद्धा करता येत नसे. 1932 साली सुरू झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचं मोल त्या पिढीला विचारावं. सणासुदीच्या भेटीगाठींइतकाच खोली, नोकरी आणि रस्ता सांगणारा माणूस तिथे भेटे.

इकडे जऊळक्याचं स्टेशन होतं मीटरगेजवर. अकोला-पूर्णा मार्गावरची ती छोटी गाडी अकोल्याला आणून सोडायची. तिथे बोचकी, ट्रंका उतरवायच्या, मोठ्या रुळांच्या फलाटावर यायचं आणि मुंबईच्या गाडीत जागा मिळते का ते बघायचं. गाड्या एकमेकींसाठी थांबत नसत. मग फलाटावर रात्र. पारपत्राचं काम नागपूरला. जिल्ह्याचं काम अकोल्याला, कारण वाशीम जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. व्हिसाला मुंबई. एका कागदावरचं नाव दुसऱ्या कागदाशी जुळलं नाही की पुन्हा सगळा फेरा. शेतकऱ्याच्या पोराचा निम्मा धीर या फेऱ्यांतच खचायचा, आणि अशी किती मुलं अकोल्याच्याही अलीकडून परत फिरली याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

2008 मध्ये आमचा मार्ग ब्रॉडगेज झाला. 2017 पासून टपाल कार्यालयांत पारपत्राची केंद्रं उघडू लागली. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा हे तालुके एकदम मोठ्या वाटेवर आले.

लंडनमध्ये या दीडशे वर्षांत काय झालं, ते मला फार मोलाचं वाटतं. तिथली भुयारी रेल्वे 1863 ची. पण नवख्याला ती खऱ्या अर्थाने खुली केली 1933 मध्ये छापलेल्या हॅरी बेकच्या नकाशाने. त्याने खरी अंतरं बाजूला ठेवली आणि गाडी कुठे बदलायची एवढंच रंगांत दाखवलं. त्यामुळे एक गंमत होते: कॉव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर नकाशावर चांगली लांब दिसतात, प्रत्यक्षात मध्ये तीनशे मीटरही नाहीत. नवी मुलं पैसे भरून भुयारात उतरतात, जुनी चालत जातात. 1977 मध्ये पिकाडिली लाइन हीथ्रोपर्यंत पोचली आणि विमानतळावरून थेट शहराच्या पोटात जाता येऊ लागलं. 2003 मध्ये टेकवून भाडं भरायचं ऑयस्टर कार्ड आलं. 2014 मध्ये बसमधली रोकड बंद झाली आणि भुयारी रेल्वेतही बँकेचं साधं कार्ड टेकवून जाता येऊ लागलं. दिवसभरात कितीही फिरा, ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. ही मर्यादा यंत्रच सांभाळतं, प्रवाशाला हिशेब ठेवावा लागत नाही. रेल्वेत आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे कार्ड टेकवायचं, बसमध्ये चढतानाच. बाहेर पडताना विसरलं तर मोठं भाडं बसतं. 2016 पासून एका बसच्या भाड्यात तासाभरात दुसरी बसही धरता येते.

24 मे 2022 रोजी एलिझाबेथ लाइन सुरू झाली. तिच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा उतार आहे. जुन्या भुयारी स्टेशनांपैकी जेमतेम एक तृतीयांश तशी आहेत. दोन जड बॅगा घेऊन उतरलेल्या मुलीला हा फरक पहिल्याच तासात कळतो. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन लवकर पोचवते, पिकाडिली स्वस्त पडते. जिन्यांची तयारी असेल तर पिकाडिली घ्यावी, नाहीतर पहिल्या दिवशी जास्तीचे पौंड खुशाल द्यावेत. विद्यार्थ्यांच्या ऑयस्टरवर आठवड्याच्या आणि महिन्याच्या पासला तीस टक्के सूट मिळते, हेही तिथे पोचताच करून घ्यावं.

आता जाणारी मुलं वेगळी आहेत. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांना दरवर्षी बाहेर पाठवते. आमच्या शेजारच्या लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले, आणि त्यांची एकलव्य संस्था खेड्यांतल्या मुलांना अशा अर्जांसाठी तयार करते. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेली ही मुलं आहेत. तिथे त्यांना उतरवून घ्यायला नातेवाईक नसतो, आणि त्या शहराच्या वाहतुकीने नातेवाईकाची गरज ठेवलेली नाही, याचं मला कौतुक वाटतं. कोणालाही न विचारता, इंग्रजी अडखळत असतानाही, ती मुलं पहिल्या दिवशी वसतिगृहाच्या दारात पोचतात.

मुंबईनेही उशिरा का होईना ती सोय केली. भुयारी मेट्रो तीनचं विमानतळाचं स्टेशन ऑक्टोबर 2024 मध्ये उघडलं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जोडली गेली. अकोल्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी टर्मिनसवर उतरलेली मुलगी आता टॅक्सीवाल्याशी घासाघीस न करता आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जाऊ शकते. राहिला तो पहिलाच टप्पा. मुंबईच्या गाडीची वेळ सांभाळून जऊळक्याहून अकोला स्टेशनच्या दारात नेणारी, सामानासकट बसता येईल अशी संध्याकाळची एक एस.टी. रोज हवी. ती मागायला ग्रामपंचायतीचा ठराव आणि आगाराकडे पाठपुरावा एवढंच लागतं, आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे.