उसनी जाळी

‘दुर्गदबैल’ वाचलं की मराठी माणसाला आधी शिंगं दिसतात. कानडीत मात्र ‘बयलु’ म्हणजे मोकळं मैदान. हुबळीच्या या जुन्या बाजारात मैदान आता औषधालाही उरलेलं नाही. आहेत ती कपड्यांची दुकानं आणि संध्याकाळची खाणाऱ्यांची झुंबड. अशा बाजारातून हौसेने जॉर्जेटची साडी आणावी, तिच्यावर कसुतीचा हत्ती काढायला घ्यावा आणि चौथ्या पायापाशी तो लंगडावा, हे नवशिक्या बाईच्या बाबतीत ठरलेलंच.

दोष हाताचा नसतो. धारवाडकडची कसुती छापा उठवून काढत नाहीत, धागे मोजून काढतात. गवंती टाक्यात सुई एकाआड एक घर सोडत पुढे जाते आणि त्याच वाटेने परतताना सोडलेली घरं भरते. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, गाठ कुठेच नाही. जाताना एक धागा चुकला की परतीची वाट जुळलीच म्हणून समजा! युरोपात या टाक्याला होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं नाव आहे. त्याने रंगवलेल्या माणसांच्या बाह्यांवर तो दिसतो. कसुतीचे बाकीचे टाके तीन: पायऱ्यांसारखी चढणारी मुर्गी, विणीसारखी नेयगी आणि मेंथी, म्हणजे आपली फुली.

इरकलीवर हे गणित जमतं. जॉर्जेटचे पिळदार, बारीक धागे मोजता येत नाहीत, वर कापड बोटांखालून निसटतं.

तोडगा आहे जाळीचा. मोकळ्या विणीच्या जाळीचा तुकडा कापडावर सरळ ठेवून कच्च्या टाक्यांनी पक्का करायचा आणि जाळीची घरं मोजत दोन्हींतून टाके घालायचे. सुई घरातूनच जायला हवी. जाळीचाच धागा टोचला गेला तर तो पुढे निघत नाही. नक्षी झाली की कच्चे टाके उसवून जाळीचे धागे एकेक करून ओढायचे, आधी सगळे आडवे, मग उभे. खळीची जाळी असेल तर जरा ओली करावी, धागे मऊ पडतात.

काही जाणकार याला पळवाट म्हणतात. तसं म्हणण्यात अर्थ नाही. जाळी फक्त मोजमाप उसनं देते. शिवाय तिची खोडही आहेच. ती निघाली की तिच्या जाडीइतका टाका सैल पडतो, आणि म्हणून आधीच करकचून ओढला तर जॉर्जेटला चुण्या पडतात.

जाळी घेताना इंचाला किती घरं, ते दुकानातच मोजावं. सत्तर घरांचा हत्ती 14 घरांच्या जाळीवर 5 इंचांचा होतो, 10 घरांच्या जाळीवर 7 इंचांचा.