खाडीचा चिखल सडका नसतो!

वाशीचा खाडीपूल आला की गाडीच्या काचा वर जातात आणि कुणीतरी म्हणतंच, "शी! सगळा सडका चिखल. भराव टाकून मोकळं व्हायला हवं एकदाचं." ऐकून कान किटले.

शहरातल्या खाडीत सांडपाणी येतं, हे कोण नाकारतंय? पण एकही गटार न मिळणाऱ्या कोकणातल्या खाडीतही ओहोटीला तसाच सडक्या अंड्यांचा वास येतो. हा चिखल फार बारीक कणांचा. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीने तो कायम चिंब भिजलेला, त्यामुळे आत हवा शिरत नाही. मग तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो हा वास. तोच मातीतल्या लोहाशी जुळला की काळं आयर्न सल्फाइड होतं, तो हा रंग.

खारफुटीतल्या तिवराखालचं एक ढेकूळ फोडून पाहा. वर जेमतेम तपकिरी थर, खाली काळंकुट्ट. पण खेकड्याच्या बिळाला आणि मुळांना तांबूस कडं. गंजच तो. तिथवर हवा पोचलेली असते. चिखलातून वर आलेली तिवराची बोटभर मुळं हवा आत घेतात, ती यासाठीच.

आणि भराव? बांध घालून भरती तोडली, चिखल वाळला, की त्यातल्या गंधकाचं हवेत सल्फ्युरिक आम्ल होऊ शकतं. केरळच्या कुट्टनाडमधली 'करी' जमीन अशीच आम्लधर्मी आहे. शिवाय खारफुटी तोडून भराव घालणं बेकायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल वाचा. जमीन खासगी असली तरी सुटका नाही.

असंच आणखीही बरंच कानावर पडतं. "खारी जमीन म्हणजे नापीक." मग पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले भाताचे वाण कुठे पिकतात? पावसाने मीठ धुतलं, बांधातली पाणी सोडायची उघाडी नीट राखली, की खारातही भात होतो.

"खारफुटीला मीठ हवंच." नाही, ती ते सोसते. बऱ्याच जाती गोड्या पाण्यातही जगतात, पण तिथे इतर झाडं त्यांना टिकू देत नाहीत. तिवर तर मीठ पानांतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत पान चाटलं तर कळेल.

"सगळी खारफुटी सारखीच." कांदळ, तिवर, मारंडी, हुरा एकदा शेजारी ठेवून पाहा. पांढरी चिपी तर २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे.

"दिसेल त्या चिखलात रोपं लावा." कृपा करून नको. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या मोकळ्या पट्ट्यावरच रोहित पक्षी चरतात.