सोहळ्यांचे वर्ष आणि वाडीचा हिशेब

जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा महिन्यांत वसईच्या ख्रिस्ती समाजाने जेवढे पाहिले तेवढे एरवी दहा वर्षांत वाट्याला येत नाही. २५ जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. त्याच वर्षी आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांच्यानंतर वसई धर्मप्रांताची धुरा बिशप थॉमस डिसोजा यांच्याकडे आली. २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दहा वर्षांनी पुन्हा खुले झाले. २४ डिसेंबरला रोममध्ये पवित्र द्वार उघडले आणि ज्युबिली वर्ष सुरू झाले. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. वर्षाचा मागोवा घ्यायचा तर सामग्री आयतीच हाताशी आहे. तरीही या यादीत त्या वर्षातली खरी गोष्ट सापडत नाही, असे मला वाटते. घरात किती लग्ने झाली, कोणाला नोकरी लागली, कोण कुठे जाऊन आले, चर्चमध्ये कोणता सोहळा झाला, असा चार रकान्यांचा हिशेब आपण वर्षअखेरीला मांडतो. वसईत हे चारही रकाने एकाच गोष्टीवर उभे होते, ती म्हणजे वाडी, घराची बागायती जमीन. वाडीचा हिशेब मात्र या मागोव्यात कोणी मांडत नाही.

वसईचे जुने वर्ष कसे चालायचे ते पाहा. आगमनकाळात आणि उपवासकाळात लग्ने लावायची नाहीत, म्हणून नाताळनंतर राखेच्या बुधवारपर्यंत आणि ईस्टरनंतर पावसाच्या तोंडापर्यंत लग्नांची दाटी. नंदाखाल, निर्मळ, गास, सांडोर, पापडी, प्रत्येक धर्मग्रामाचा आपापला सण, त्याआधी नोव्हेना, आणि सणाला माहेरवाशिणींनी यायचे. या सगळ्याचा खर्च निघायचा तो केळी, पानवेली, फुले आणि भाजी यांतून. पहाटेच्या गाडीने माल दादरला जायचा आणि आलेल्या पैशातून दागिना, शाळेची फी, चर्चची वर्गणी, सगळे भागायचे. श्रद्धा वेगळी, पोट वेगळे, अशी वाटणी इथे नव्हतीच. वाडी विकली गेली की सण बंद पडत नाही, हे खरे. तो पूर्वीपेक्षा थाटात होतो, कारण हातात एकरकमी पैसा असतो. पण त्या सणाला घरी येणारा मुलगा आता वाडीत काम करणारा राहिलेला नसतो. तो पाहुणा म्हणून येतो.

फादर दिब्रिटोंच्या निधनानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. ‘सुबोध बायबल’, त्या अनुवादाला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, दोन दशकांहून अधिक काळ सांभाळलेले ‘सुवार्ता’चे संपादन, या सगळ्यांची आठवण निघाली आणि ती निघायलाच हवी होती. हरित वसई संरक्षण समितीचा उल्लेखही झाला, पण बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या पर्वासारखा. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे धर्मकार्य तेच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला, १९९० साली सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली, आणि त्या काळात जमीन, पाणी व दहशत यांविरुद्ध एक धर्मगुरू लोकांना घेऊन रस्त्यावर उतरला. यात वसईच्या परंपरेशी विसंगत असे काहीच नव्हते. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी बॅसिन कॅथॉलिक बँक उभी केली, ती शेतकऱ्याच्या गळ्याला बसलेला सावकाराचा फास सुटावा म्हणून. बंगलीचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय, धर्मग्रामांच्या शाळा, हे सारे त्याच जाणिवेतून आले. वसईच्या चर्चची लोकांवरची पकड उपदेशाच्या जोरावर टिकली असे मला वाटत नाही. कुटुंबाच्या पोटापाण्याचा प्रश्न धर्मग्रामाने आपला मानला, म्हणून ती टिकली.

आज तो प्रश्न कोणता, हे पाहायला बावखलाजवळ जावे. बावखल म्हणजे वाडीच्या सखल कोपऱ्यात पूर्वजांनी खणून ठेवलेले तळे. पावसात वाडीतले पाणी उताराने त्यात उतरते, मुरते आणि जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर तयार होतो. समुद्र एका बाजूला, खाडी दुसऱ्या बाजूला, तरी इथल्या विहिरी गोड राहिल्या त्या या थरामुळे, कारण हा थर खारे पाणी आत येऊ देत नाही. बावखलात भराव घातला की दोन गोष्टी एकदम होतात. पावसाचे पाणी मुरायची जागा संपून ते रस्त्यावर येते, आणि उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीला खारट चव लागते. भराव घालणाऱ्याच्या हाती बांधकामाचा तुकडा येतो, नुकसान मात्र आसपासच्या सगळ्या वाड्यांचे होते. म्हणून बावखल एकाच्या सातबाऱ्यावर असले तरी त्याचा उपयोग सगळ्या आळीचा असतो. धर्मग्रामाने हात घालावा असा प्रश्न हाच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. जमिनीचा प्रश्न राजकारणाचा, फादरांनी वेदीपुरते पाहावे. या आक्षेपाला उत्तर वसईबाहेरून, थेट रोमहून आले. पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ चे. सृष्टीची राखण हा श्रद्धेचा भाग आहे आणि निसर्गाच्या नासाडीचा पहिला फटका गरिबाला बसतो, हा त्याचा गाभा. वसईच्या लोकांनी हे पाव शतक आधी करून दाखवले होते. त्या परिपत्रकाला मे २०२५ मध्ये दहा वर्षे झाली, आणि ते लिहिणारे पोप त्याच्या महिनाभर आधी गेले. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि त्यांनी शिकवलेले राजकारण म्हणून बाजूला ठेवायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेदीवरून शोभत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो आपल्यातलेच लोक घेतात. वाड्या बाहेरच्यांनी हिसकावल्या नाहीत, आपणच विकल्या. हे बऱ्याच अंशी खरे आहे. एका वाडीचे चार भावांत चार वाटे झाले की एकाही वाट्यावर घर चालत नाही, मुलांना शेती नको असते, मजूर मिळत नाही आणि बिल्डरचा आकडा समोर असतो. अशा वेळी एकट्या कुटुंबाला दोष देणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. पण एकटे कुटुंब टिकाव धरू शकत नाही, हे तर सामूहिक प्रयत्नाच्या बाजूचे कारण झाले. १९१८ साली एकटा शेतकरी सावकारापुढे टिकत नव्हता, म्हणूनच बँक निघाली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांपुढे गेली होती. मुंबईत घर न परवडणारा माणूस नालासोपाऱ्याला, विरारला येतो. हिरवी वसई हे जमीनदारांचे कौतुक, त्या माणसाने राहायचे कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच सोहळ्यांच्या वर्षाने त्यावर फार कडवट उत्तर दिले. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. त्यांनी आयुष्याची पुंजी मोजून घरे घेतली होती. वाडी गिळणारी आणि या कुटुंबांना रस्त्यावर आणणारी बांधकामाची रीत एकच आहे. जुलै २०१८ च्या पुरात वसई दिवसेंदिवस पाण्याखाली होती तेव्हाही वाडीवाला आणि तळमजल्यावरचा भाडेकरू असा भेद पाण्याने केला नाही. हिरवा पट्टा राखणे आणि परवडणारी, कायदेशीर घरे मागणे या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत. वसईच्या चर्चने हे मोठ्याने बोलायला हवे, विशेषतः नालासोपारा-विरारच्या धर्मग्रामांत येणारे पुष्कळजण स्वतः बाहेरून आलेले असताना.

प्रवासाच्या रकान्यात गोव्याची, वेलंकनीची, ज्यांना जमले त्यांची रोमची यात्रा आहे, आणि तिचा आनंद खरा आहे. पण वसईचा मोठा प्रवास विरार लोकलचा आहे. चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास, तेही उभ्याने. आई-बाप दोघेही त्या गाडीत असले की घरात एकत्र बसायला रविवारच उरतो, आणि त्यातला सकाळचा भाग मिस्सेचा. म्हणजे आज कुटुंब जिथे एकत्र सापडते अशी जवळजवळ एकमेव जागा धर्मग्राम आहे. त्या दिवशी मिस्सेनंतर ज्या घोषणा होतात त्यांत लग्नांच्या सूचना असतात, शिबिरे असतात, सणाची वर्गणी असते. विहिरींचे पाणी, आळीतले बावखल आणि गावाचा विकास आराखडा यांनाही तिथे जागा हवी. २०११ मध्ये वसईतली २९ गावे महापालिकेतून वगळण्याचा निर्णय झाला, तो वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला आणि २०२४ मध्ये शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवायचे ठरवले. एवढ्या मोठ्या निर्णयाची चर्चा रविवारच्या गर्दीत किती झाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

यात श्रद्धा पातळ होते असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. पिकाच्या पहिल्या दाण्यासाठी देवाचे आभार मानणाऱ्या समाजाला पाण्याबद्दल बोलायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

म्हणून धर्मग्राम मंडळांना एक विनंती. येत्या नाताळाच्या आत आपापल्या हद्दीतल्या बावखलांची यादी करा, कोणते भरले, कोणते शिल्लक आहे, कोणाच्या विहिरीचे पाणी बदलले, हे नोंदवा आणि ती यादी एका रविवारी मिस्सेनंतर वाचून दाखवा. शाळेतली नववी-दहावीची मुले हे काम एका महिन्यात करतील. शिल्लक बावखलांचा गाळ पावसाआधी काढायचा तर मे महिन्यापूर्वी ठरवावे लागेल.