वावर आपलं, वाट वनाची

मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादकडे निघालेली गाडी भोकर, हिमायतनगर करत किनवटला पोचेपर्यंत खिडकीबाहेरचा मुलूख पार बदलतो. मुदखेडच्या आसपास ऊस, हळद आणि फुलांचे मळे, भोकरच्या बाजूला माळ आणि टेकड्या, पुढे किनवट-माहूरचा सागवानी पट्टा. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वन नावापुरतेच आहे. नांदेडमध्ये मात्र शेताच्या आणि वनाच्या हद्दी जागोजाग एकमेकींत गुंतल्या आहेत. वावर पलीकडे, डांबरी रस्ता अलीकडे आणि मधे शे-दोनशे मीटरची वनखात्याची पट्टी, अशी जमीन अनेकांच्या वाट्याला आलेली असते.

त्या पट्टीवरून बैलगाडी गेली तर सहसा कुणी हटकत नाही. पेच पडतो तो मुरूम टाकायची वेळ आली की. ऊस तुटतो, ट्रॉली आत जात नाही. आखाड्यावर घर बांधायचे ठरते, विटांचा टिप्पर हद्दीवरच थांबतो. मग तहसीलच्या आवारात आणि चहाच्या टपरीवर सल्ले सुरू होतात. ते देणाऱ्यांचा हेतू बरा असतो, माहिती मात्र बहुतेक वेळा अर्धी असते.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारे वाक्य असे: ‘दुसरी वाटच नाही, म्हणजे सरकारला रस्ता द्यावाच लागंल.’

गरजेपोटी मिळणारा वाटेचा हक्क कायद्यात आहे, हे खरे. 1882 च्या सुखाधिकार कायद्याचे कलम 13 तेच सांगते. पण तो हक्क कुणाच्या जमिनीवरून मिळतो, हा प्रश्न गाळून चालत नाही. एकाच मालकाच्या जमिनीची विक्री किंवा वाटणी झाली आणि त्यामुळे एक तुकडा कोंडला गेला, तर वाट मागायची ती त्याच मूळ जमिनीच्या उरलेल्या भागातून. भावाभावांत वाटणी झाली आणि धाकट्याचे वावर आत अडकले, तर त्याचा दावा थोरल्याच्या बांधावर आहे. मधे पडलेल्या वनाने ती वाटणी केलेली नसते, म्हणून वाटणीचे ओझेही त्याच्यावर येत नाही. व्यवहारात नेमके उलटे घडते. थोरल्याशी बोलणे बंद असते, वन मात्र कुणाशी भांडायला येत नाही. त्यामुळे जेसीबी वनाच्या बाजूला वळतो.

शेताला वाट मिळवून देण्याचे काम तहसीलदाराकडे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 नुसार शेजारच्या गटांच्या बांधावरून वाट मागता येते, आणि निर्णय देताना शेतकऱ्याला आपल्या शेतात वाजवी रीतीने पोचता यावे ही गरज तहसीलदाराने ध्यानात घ्यायची असते. असलेली वाट कुणी नांगरून किंवा काटे टाकून अडवली, तर 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. त्याखाली अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ही मुदत पुष्कळांच्या हातातून जाते, कारण तोवर गावात बैठका चाललेल्या असतात. 22 मे 2025 रोजी महसूल विभागाने शासन निर्णय काढून शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंदीचे असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी, असे सांगितले. हा निर्णय आल्यावर तहसीलदार वनातूनही रस्ता काढून देतील, अशी समजूत पसरली. तसे होत नाही. वनजमीन वनेतर कामाला द्यायची तर केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते. 25 ऑक्टोबर 1980 पासून अमलात असलेल्या वन संवर्धन कायद्याने ते ठरवले आहे, आणि तहसीलदाराचा आदेश त्या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा दावा अधिक वजनदार वाटतो: ‘आज्याच्या काळापासून गाडीवाट आहे.’ खासगी जमिनीवरून वीस वर्षे उघडपणे, विनाखंड आणि हक्काने वापर केला तर वहिवाटीचा हक्क तयार होतो. सरकारी जमिनीसाठी हीच मुदत तीस वर्षे आहे. एवढे ऐकून माणूस निश्चिंत होतो. राखीव वनात मात्र हे गणित चालत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 चे कलम 23 सांगते की राखीव वनावर नवा हक्क मिळतो तो वारशाने किंवा सरकारने लेखी दिला तरच. केवळ चालून चालून वाट आपली होत नाही, मग तीस वर्षे चाला की साठ.

म्हणून खरा प्रश्न आहे तो वन राखीव झाले तेव्हाचा. वन राखीव करताना जाहीरनामा निघतो, वन जमाबंदी अधिकारी लोकांचे दावे ऐकतो, वाट, चराई आणि पाणी यांचे हक्क मान्य किंवा अमान्य करून नोंदवतो. त्या वेळी वाट नोंदली गेली असेल तर ती आजही जिवंत आहे. मराठवाड्यात हे कागद शोधणे म्हणजे इतिहासात उतरणे. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला. जुनी कागदपत्रे अनेक ठिकाणी उर्दूत आहेत, तारखा फसली सनात आहेत. सेतवार, खासरा पाहणी पत्रक, जुना गाव नकाशा आणि वनाची मूळ अधिसूचना ही कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवली, की गाडीवाट आधीची की वन आधीचे हे कळू लागते. उर्दू वाचणारा माणूस गाठायला लागणारा खर्च वकिलाच्या पहिल्या फीपेक्षा बहुधा कमीच असतो, आणि उपयोग कधीकधी जास्त.

जुनी वाट सिद्ध झाली तरी ती जशी होती तशीच मिळते. सुखाधिकार कायद्याचे कलम 28 याबाबत रोखठोक आहे: एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. पायवाटेचा हक्क म्हणजे ट्रॅक्टरचा हक्क नव्हे. गाव नकाशावर पायवाट आणि गाडीवाट वेगवेगळ्या तुटक रेषांनी दाखवतात, त्या उगाच नाही.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. वनरक्षक आला, चर खोदला, वाट बंद. आता काही करता येणार नाही, असे मानून माणसे गप्प बसतात. वन अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणे राखीव वनातली वाट, सार्वजनिक असो वा खासगी, बंद करायला राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते. शिवाय शासनाला वाजवी सोयीची वाटेल अशी पर्यायी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा वनाधिकाऱ्याने करून दिली पाहिजे. नोंदलेली वाट बंद झाली असेल तर उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात मंजुरीचा आदेश आणि पर्यायी वाट या दोन गोष्टी लेखी विचारायला हरकत नाही. हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

‘झाड न्हाई, झुडूप न्हाई, निस्ता खडक. कसलं आलंय जंगल?’ भोकरकडच्या उघड्या माळावर उभे राहून हे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. पण वन ठरते ते अधिसूचनेने आणि नोंदीने, सावलीवरून नव्हे. 12 डिसेंबर 1996 रोजी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याही पुढे जाऊन सांगितले की शासकीय नोंदीत वन म्हणून असलेली जमीन, मालक कुणीही असो, वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत येते. विदर्भातल्या झुडपी जंगलाचा वाद कित्येक वर्षे याच मुद्द्यावर रेंगाळला होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनच आहेत असा निर्णय दिला, तो 22 मे 2025 रोजी. योगायोग असा की शेतरस्त्यांचा शासन निर्णयही त्याच दिवशीचा.

आणि खडकालाही कायद्यात किंमत आहे. वन अधिनियमाच्या व्याख्येत वनातली वरची माती, दगड आणि खनिजे हीसुद्धा वनोपज आहेत. त्यामुळे वनातलाच मुरूम उकरून वनातच पसरला तरी तो वनोपजाचा गुन्हा होऊ शकतो, आणि अशा गुन्ह्यात वापरलेली वाहने व अवजारे कलम 52 खाली जप्त करता येतात. पुढे ती सरकारजमा करण्याचीही तरतूद महाराष्ट्रात आहे. रस्ता राहतो बाजूला आणि भाड्याने आणलेल्या जेसीबीच्या मालकाला तोंड द्यावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने बहुधा हाच सगळ्यात महाग भाग ठरतो.

आता सर्वांत ताजा गैरसमज. 2023 मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, 1 डिसेंबर 2023 पासून ती अमलात आली आणि कायद्याचे नावही ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे झाले. तेव्हापासून ‘दहा गुंठ्यांपर्यंत परवानगी लागत नाही’ हे वाक्य फिरते आहे. आकडा जवळपास बरोबर आहे. सूट 0.10 हेक्टरची, म्हणजे हजार चौरस मीटरची, दहा गुंठ्यांना किंचित कमी. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याला तेवढ्या जागेत तीनशे मीटरहून अधिक लांबी मिळते, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. पण सूट आहे ती रेल्वेमार्गालगतच्या किंवा सरकार देखभाल करते अशा सार्वजनिक रस्त्यालगतच्या वनजमिनीला, आणि तीही वस्तीला, रेल्वेला किंवा रस्त्याकडेच्या सुविधेला पोचण्यापुरती. या तरतुदीमागची अडचण मुख्यतः उत्तरेकडची. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात रस्त्यांच्या कडेच्या झाडांच्या पट्ट्या संरक्षित वन म्हणून जाहीर झालेल्या आहेत, त्यामुळे पेट्रोल पंपाला किंवा घराला रस्त्यावरून आत वळायचे म्हटले तरी दिल्लीची मान्यता लागत असे. माळाच्या मधोमध असलेल्या राखीव वनातून एकट्या वावराकडे जाणारा रस्ता या सवलतीत बसवणे म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीचा आणि वनाचा फरक पुसून टाकणे.

ग्रामपंचायतीचा ठराव, आमदारांचे पत्र, रोजगार हमीतले काम यांतले काहीही मान्यतेला पर्याय नाही. एक अपवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा अशा सुविधांच्या यादीत रस्ताही आहे. दर वेळी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस, एवढ्या अटींवर तो होतो. किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांसाठी या तरतुदीचे मोल मोठे आहे. मात्र सुविधा सरकारने चालवायची असते. एका खातेदाराचा खासगी रस्ता ग्रामसभेच्या नावाने त्यात घुसवता येत नाही.

मग सरळ मार्ग आहे की नाही? आहे. खासगी माणूसही ‘परिवेश’ या केंद्राच्या संकेतस्थळावर प्रस्ताव दाखल करू शकतो. त्याला दाखवावे लागते की वनाबाहेरून पर्याय नाही आणि मागितलेली जमीन कमीत कमी आहे. बांधाचा दावा आधी निकाली काढणे इथे कामाला येते, कारण कलम 143 चा फेटाळलेला अर्ज हा पर्याय नसल्याचा कागदी पुरावा ठरतो. प्रस्ताव वनपरिक्षेत्र कार्यालयापासून वर चढत केंद्राच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाकडे जातो. आधी तत्त्वतः मान्यता, अटींची पूर्तता, मग अंतिम मान्यता. अटींमध्ये वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. 2022 च्या दरांनुसार ते वनाच्या प्रकाराप्रमाणे हेक्टरी सुमारे साडेनऊ ते सोळा लाख रुपये होते. दोनशे मीटर लांब आणि तीन मीटर रुंद रस्त्याला 0.06 हेक्टर लागते, म्हणजे सुमारे सत्तावन्न ते शहाण्णव हजार रुपये. वृक्षलागवडीचा आणि मोजणीचा खर्च वेगळा. रक्कम लहान नाही, पण जप्तीतला जेसीबी सोडवण्याच्या तुलनेत ती फार मोठीही नाही.

मान्यता मिळाली म्हणजे रस्ता आपला झाला, असेही नाही. जमिनीचा कायदेशीर दर्जा बदलत नाही, ही मान्यतेची नेहमीची अट असते. जमीन वनच राहते, दिलेल्या कामासाठी फक्त वापर मिळतो. तो वापर दुसऱ्याला परस्पर विकता किंवा बदलता येत नाही.

अमेरिकेचा दाखला देणारेही भेटतात, आणि तो खोटा नाही. 2 डिसेंबर 1980 रोजी तिथे अलास्काच्या जमिनींबाबत एक मोठा कायदा झाला. त्यातल्या एका कलमानुसार राष्ट्रीय वनांच्या हद्दीत अडकलेल्या खासगी जमिनीला वाजवी वाट देणे वनसेवेवर बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राच्या मान्यतेची अट त्याच्या जेमतेम सव्वा महिना आधी आली होती. तिथल्या जमीनमालकाच्या हाती अटींसह मिळणारा हक्क आहे, इथल्याच्या हाती अर्ज.

पैनगंगा अभयारण्यासारख्या ठिकाणी आणखी एक पायरी वाढते. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्याच्या हद्दीत ज्याची स्थावर मालमत्ता आहे त्याला आत जाता येते. जाता येते एवढेच. रस्ता बांधायची मुभा त्यातून निघत नाही.

आणि जे अजून जमीन बघत फिरत आहेत, त्यांनी खरेदीखतातली चतुःसीमा वाचावी. ‘पूर्वेस वन’ असे लिहिले असेल आणि उरलेल्या तिन्ही दिशांना गट नंबरच असतील, तर विकणाऱ्याच्या उरलेल्या जमिनीतून वाटेचा हक्क त्याच दस्तात, रुंदीसकट लिहून घ्यावा. विसार दिल्यानंतर विकणारा फोन उचलतोच असे नाही.