कथील-तांब्याचा मुलूख : खाणीतून वर येताना

या आठवड्यात तांब्याचं खनिज जहाजात भरून स्वान्सीच्या भट्ट्यांकडे न्यायचं ठरलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण सांगलीच्या एका वाचकाने पत्रात अगदी मर्मावर बोट ठेवलं आहे. ते विचारतात, "बोली लावून खडकाचा तुकडा ठेक्याने घेतला, इथवर समजलं. पण कॉर्नवॉलचा तो माणूस रोज तिथवर उतरायचा कसा आणि वर यायचा कसा?"

शिडीने. एका खाली एक लावलेल्या लाकडी शिड्या, ओल्या आणि चिखलाने निसरड्या. टोपीवर ओल्या मातीच्या गोळ्यात खोचलेली मेणबत्ती, तेवढाच उजेड. खाणी खोल गेल्या तशी ही चढण तासाभराची, कुठे त्याहून मोठी झाली. फॅल्मथच्या रॉबर्ट वेअर फॉक्स यांनी याच खाणींत तापमापक नेऊन दाखवून दिलं होतं, की जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते. म्हणजे तळाशी उकाड्यात पाळीभर सुरुंगाची भोकं पाडायची, मग घामाने निथळत शिड्या चढायच्या आणि वर अटलांटिकच्या गार वाऱ्यात डोकं काढायचं. ऐन उमेदीतल्या माणसांची छाती यात खलास व्हायची.

आता मागच्या हप्त्यातला ठेका आठवा. माणसाला पैसे मिळायचे ते काढलेल्या खनिजाच्या किमतीतल्या वाट्याचे. चढण्या-उतरण्याचा वेळ त्याचा स्वतःचा, दमही त्याचाच. कंपनीच्या वहीत या चढणीचा खर्च कुठेच पडत नव्हता. पाणी उपसायला अजस्र वाफेची इंजिनं बसवणाऱ्या, इंजिनाला लागणाऱ्या कोळशाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या या मुलखात माणूस इतकी वर्षं शिडीवरच राहिला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

कोंडी फुटली ती बाहेरून. फॉक्स यांच्या ॲना मारिया आणि कॅरोलाइन या किशोरवयीन मुलींच्या उत्साहातून १८३३ साली फॅल्मथला एक संस्था उभी राहिली, पुढची रॉयल कॉर्नवॉल पॉलिटेक्निक सोसायटी. कारागिरांच्या कल्पकतेला वाव द्यायचा, हा तिचा हेतू. या सोसायटीने शिडीला पर्याय सुचवणाऱ्यांसाठी बक्षीस लावलं. जर्मनीतल्या हार्झ पर्वतातल्या खाणींत तसं यंत्र नुकतंच चालू झालं होतं. त्याच धर्तीवर मायकेल लोम यांनी १८४२ मध्ये ट्रेसाव्हीनच्या तांब्याच्या खाणीत कॉर्नवॉलचं पहिलं 'मॅन इंजिन' बसवलं.

यंत्र साधं, पण छातीत धडकी भरवणारं. पुढे रुळलेली त्याची रचना अशी : शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, वरपासून खालपर्यंत जोडत नेलेला एक लाकडी दांडा. इंजिन तो बारा फूट वर उचलतं, बारा फूट खाली सोडतं. दांड्यावर दर बारा फुटांना पाऊल मावेल एवढी पायरी, आणि तेवढ्याच अंतरावर विहिरीच्या भिंतीत पक्की फळी. पायरीवर उभं राहायचं, दांडा वर गेला की फळीवर सरकायचं. दांडा खाली येतो, पुढची पायरी समोर येते, पुन्हा तिच्यावर पाय. अंधारात, लोखंडी कडी धरून. उतरणाराही याच दांड्याने उतरायचा.

सेंट जस्टजवळ समुद्रकाठच्या लेव्हंट खाणीत असं इंजिन १८५७ पासून होतं. ते सुमारे १,६०० फूट खोल जायचं. सहा कुतुबमिनार एकावर एक रचले तरी तळापासून तोंड गाठत नाहीत, इतकं. त्या उंचीसाठी १३० हून जास्त वेळा पाय बदलावा लागे, पण वेळ लागे साधारण अर्धा तास. शिडीच्या मानाने हे सुखच.

२० ऑक्टोबर १९१९. दुपारी पाळी संपवून माणसं वर येत होती, शंभराहून जास्त जण दांड्यावर होते. दांडा इंजिनाच्या तुळईला जोडणारा वरचा लोखंडी भाग तुटला आणि दांडा माणसांसकट कोसळला. ३१ जण गेले. इतर मोठ्या खाणींत पिंजऱ्याचे पाळणे केव्हाच आले होते. साठ वर्षांहून जुन्या दांड्यावर विसाव्या शतकातही माणसं चढवत राहणं, याला मी तरी नुसता अपघात म्हणणार नाही.

ते इंजिन पुन्हा दुरुस्त झालं नाही. खालचे मजले सोडून देण्यात आले आणि १९३० मध्ये लेव्हंट बंद पडली. आज ती जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथलं १८४० चं, खनिज वर ओढणारं इंजिन वाफेवर चालताना पाहायला लोक जातात. ब्रिटनमधल्या आपल्या वाचकांना एवढंच सांगतो : ते जरूर पाहा, पण तेवढ्यावर परतू नका. कामगार कपडे बदलायचे त्या जागेपासून एक बोगदा मॅन इंजिनच्या विहिरीपर्यंत जातो, तिथवर जाऊन या. स्वान्सीच्या भट्ट्या पुढच्या आठवड्यात.