‘मेमोरेबल’ : लक्षात राहिलेलं आणि लक्षात ठेवायचं

आज बेंबळीत मी एकाच इंग्रजी विशेषणाबद्दल बोलणार आहे : ‘मेमोरेबल’. लग्नाच्या अल्बमवर, निरोप समारंभाच्या फलकावर ते आपल्याला भेटतं. मराठीत आपण त्याला कधी ‘स्मरणीय’, कधी ‘अविस्मरणीय’ म्हणतो. पण हे दोन शब्द एक नव्हेत.

इंग्रजीतला ‘एबल’ हा प्रत्यय दोन कामं करतो. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसू शकणारं. इथं शक्यता आहे. ‘डिझायरेबल’ म्हणजे इच्छा करण्याजोगं; इथं योग्यता आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी हे दोन्ही शब्द एकाच मापानं मोजले. १९०३ मध्ये जी. ई. मूर यांनी त्यावरच बोट ठेवलं : लोकांना एखादी गोष्ट हवी असते, म्हणून ती हवी असण्याच्या लायकीची ठरते का?

आपल्या ‘अनीय’ प्रत्ययाचंही तसंच. पूजनीय म्हणजे पूजेला योग्य, तसं स्मरणीय म्हणजे आठवण ठेवण्यास योग्य. अविस्मरणीय म्हणजे मात्र विसरताच न येणारं.

आता आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी, सास्तूरचा परिसर हादरला आणि हजारो माणसं गेली. त्या पहाटेला ‘मेमोरेबल’ म्हणायला जीभ धजत नाही, कारण रोजच्या वापरात या शब्दाला आनंदाचा रंग चढलाय. ज्यांनी ती पहाट भोगली, त्यांच्यासाठी ती अविस्मरणीय. पण नंतर जन्मलेल्या पोरांचं काय? ज्याच्याकडं आठवणच नाही, तो विसरणार तरी काय?

त्यांच्यासाठी ती पहाट स्मरणीय असायला हवी. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून माणसं दबली, हे घर बांधण्याआधी त्यांना ठाऊक असलं पाहिजे. अविस्मरणीयपण भोगणाऱ्या माणसाबरोबर संपतं. स्मरणीय ते पुढच्याला सांगावं लागतं.

म्हणून ‘मेमोरेबल’ लिहिताना स्वतःला विचारा : हे आपसूक लक्षात राहिलंय, की मुद्दाम लक्षात ठेवायचंय? उत्तर मिळालं की मराठी शब्दही मिळेल.